सँडविच हार्बरची एक दिवसाची सफर: पॅकेज नंतर बघा, आधी ओहोटीची वेळ बघा

नामिबियातल्या वॉल्विस बे बंदरापासून दक्षिणेला साधारण ५० किलोमीटरवर सँडविच हार्बर आहे. नावात बंदर असलं तरी आज तिथे धक्का नाही, वस्ती नाही आणि रस्ताही नाही. एका हाताला अटलांटिक, दुसऱ्या हाताला नामिब वाळवंटाच्या टेकड्या, आणि मधे जी काही वाळूची पट्टी उरते तिच्यावरून फोर बाय फोर गाडी जाते. काही ठिकाणी ती पट्टीही संपते आणि टेकडीचा उतार सरळ लाटांत उतरतो. ही जागा दाखवणाऱ्या एक दिवसाच्या सफरी वॉल्विस बेमधून आणि तिथून उत्तरेला ३० ते ३५ किलोमीटरवर असलेल्या स्वाकोपमुंडमधून रोज निघतात. इथे एखाद्या कंपनीचं नाही, तर या एकूण सेवेचं परीक्षण आहे: काय मिळतं, पैसे कशाचे द्यावेत आणि फसगत कुठे होते.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. सफर महाग आहे आणि तरीही पैसे वसूल होतात. मात्र भरती-ओहोटी न बघता दिवस ठरवला, तर तेवढेच पैसे मोजून निम्मीच सफर पदरात पडते. कंपन्यांच्या माहितीपत्रकात ही गोष्ट एक तर नसते किंवा तळाशी बारीक अक्षरांत असते.

सफरींचे प्रकार मुख्यतः तीन. पहिला अर्ध्या दिवसाचा, चार ते पाच तासांचा. दुसरा पूर्ण दिवसाचा, सहा ते आठ तासांचा, वाळूतच जेवण. तिसरा जोडसफरीचा: सकाळी पेलिकन पॉइंटकडे बोटीने सील, डॉल्फिन, पेलिकन बघायचे आणि दुपारी गाडीने वाळूत जायचं. अर्ध्या दिवसाचा दर माणशी २,००० नामिबियन डॉलरच्या वर जातो, बाकीचे त्याहून जास्त. नामिबियन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड एकास एक बांधलेले आहेत आणि रँडच्या नोटा तिथे सर्रास चालतात. मात्र उरलेले नामिबियन डॉलर देशाबाहेर कुणी सहसा घेत नाही, तेव्हा सुट्टे परत घेताना रँड मागून घ्या. नामिब-नौक्लुफ्ट राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेशशुल्क दरात धरलंय का, आणि स्वाकोपमुंडहून न्यायला-सोडायला वेगळे पैसे आहेत का, हे दोन प्रश्न पैसे भरण्याआधी विचारायचे. बहुतेक कंपन्या किमान दोन माणसांचे पैसे घेतात. एकट्याने जायचं असेल तर आधीच भरलेल्या गाडीत जागा मागावी.

आता ओहोटीचं. मुंबई-कोकणातल्या माणसाला उधाणाला चार-साडेचार मीटर पाणी चढलेलं बघायची सवय असते. वॉल्विस बेला उधाणाच्या भरतीतही पाण्याची चढउतार दीड मीटरच्या आसपास राहते. आकडा ऐकून निर्धास्त व्हायला होतं. पण टेकडीच्या पायथ्याची पट्टी इतकी सपाट आणि अरुंद आहे की पाणी हातभर चढलं तरी कडेने कित्येक मीटर वाळू नाहीशी होते. त्यात अटलांटिकच्या नैऋत्येकडून येणाऱ्या लांब लाटा. समुद्र शांत दिसत असताना मधेच एखादी मोठी लाट थेट उताराच्या पायथ्यापर्यंत येते. डाव्या हाताला ३० अंशांहून उभी सैल वाळू असल्यामुळे गाडीला बाजूला व्हायला जागाच नसते. या पट्टीत गाड्या समुद्राने गिळल्याच्या गोष्टी तिथले चालक सांगतात त्या फुशारकीच्या नाहीत. फसलेल्या चाकाभोवतीची वाळू प्रत्येक लाटेबरोबर निघून जाते, गाडी चॅसिसवर, म्हणजे तळाच्या सांगाड्यावर, बसते, आणि पुढची भरती येईपर्यंत ती ओढून काढली नाही तर मग ती समुद्राचीच.

म्हणून पट्टीवरून जायचं ते पाणी उतरत असताना, म्हणजे भरतीनंतर दोनेक तासांनी निघायचं आणि ओहोटी लागून पुन्हा पाणी चढायला लागायच्या आत परत फिरायचं. ओहोटी दिवसातून दोनदा, साधारण सव्वाबारा-साडेबारा तासांच्या अंतराने, आणि रोज पाऊण तासाहून थोडी पुढे सरकत जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे ओहोटीला पट्टी सगळ्यात रुंद पण भरतीला पार गायब; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे दोन्हीकडे मध्यम. तिथीच्या आकड्याच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढायचा आपल्याकडचा हिशेब मात्र इथे लावू नका. तो आपल्या किनाऱ्यापुरता खरा. प्रत्येक बंदराची वेळ वेगळी असते. वॉल्विस बेचं भरती-ओहोटीचं कोष्टक इंटरनेटवर सहज मिळतं. वेळ स्थानिक आहे ना, म्हणजे भारताच्या साडेतीन तास मागची, एवढं फक्त तपासा.

कोष्टक हातात आलं की सफरीचा प्रकार आपोआप ठरतो. ओहोटी सकाळी ९ ते १२ च्या दरम्यान असेल तर सकाळची अर्ध्या दिवसाची सफर पुरते. दुपारी १ ते ४ च्या दरम्यान असेल तर जोडसफर घ्या, तेव्हाच ती खऱ्या अर्थाने जमते. ऐन दुपारी भरती असेल तर ओहोट्या पहाटे आणि संध्याकाळी पडतात. अशा दिवशी पायथ्याच्या पट्टीची आशा सोडायची. तेव्हा चालक टेकड्यांवरून आतल्या बाजूने नेतो आणि सँडविच हार्बरचं खारं तळं उंचावरून दाखवतो. ते दृश्यही कमी नाही, उलट फोटोसाठी चांगलंच. पण ज्यासाठी लोक येतात ते, म्हणजे गाडीच्या एका खिडकीत लाट आणि दुसऱ्या खिडकीत वाळूची भिंत, ते त्या दिवशी नाही. मुक्काम तीन रात्रींचा असेल तर त्यातला योग्य दिवस निवडायला वाव राहतो. एकाच रात्रीचा असेल तर मिळेल ते.

जोडसफरीवर आमचा आक्षेप इथेच आहे. बोट सकाळीच सोडतात, कारण दुपारनंतर नैऋत्येचा वारा उठतो आणि खाडीत पाणी खवळतं. त्यामुळे वाळूचा भाग दुपारी बाराच्या पुढे ढकलला जातो, ओहोटी असो वा नसो. ही सफर घड्याळावर चालते, पाण्यावर नाही. सगळ्यात जास्त खपणारं पॅकेज हेच, आणि निराश होऊन परतणारे लोकही यातच जास्त. ऐन दुपारी डोक्यावरच्या उन्हात टेकड्यांच्या सावल्या मरतात आणि सगळं सपाट पिवळं दिसतं, हे आणखी एक.

वाटेतला पहिला तासभर अनेकांना कंटाळवाणा वाटतो, आमच्या मते तो सफरीतला सगळ्यात भरीव भाग. वॉल्विस बेचं खाजण सोडलं की मिठागरं लागतात. बाष्पीभवनाच्या कुंडांत खारटपणा वाढत जातो तसं पाणी गुलाबी होतं. तो रंग खाऱ्या पाण्यात तगणाऱ्या शेवाळाचा आणि जिवाणूंचा. खाजण आणि सँडविच हार्बर ही दोन्ही ठिकाणं १९९५ पासून रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आहेत, मुख्यतः पक्ष्यांमुळे. फ्लेमिंगो दोन जातींचे दिसतात: मोठा उंच, फिकट, गुलाबी चोचीला काळं टोक; छोटा ठेंगणा, जास्त गडद, चोच काळपट लाल. मोठा चिखल ढवळून किडे-कोळंबी गाळतो, छोटा पाण्याच्या वरच्या थरातलं सूक्ष्म शेवाळ टिपतो, म्हणून दोघे एकाच कुंडात भांडण न करता चरतात. देशाच्या आतल्या भागात चांगला पाऊस झाला तर जानेवारी ते एप्रिलच्या सुमारास बरेच फ्लेमिंगो अंडी घालायला एटोशाच्या किंवा बोट्स्वानातल्या माक्गाडिक्गाडीच्या खाऱ्या मैदानांकडे निघून जातात. केवळ फ्लेमिंगोंसाठी येणाऱ्यांनी हे महिने टाळावेत.

पुढे कुइसेब नदीचा त्रिभुज प्रदेश लागतो. नदी म्हणायची, पण पाणी समुद्रापर्यंत क्वचितच पोचतं. बाकी वेळ ते वाळूखालून झिरपत असतं. त्याच ओलीवर नाराची झुडपं जगतात. पानंच नाहीत, नुसते हिरवे काटे, आणि त्यात टरबुजाच्या कुळातलं काटेरी फळ. कुइसेबकाठचे टोपनार लोक पिढ्यानपिढ्या हे फळ गोळा करतात, गर शिजवून वाळवतात आणि बिया खातात. चांगला चालक इथे गाडी थांबवून काटे दाखवतो आणि त्या झुडपाभोवती वाळू अडकून ढिगारा कसा तयार होतो तेही सांगतो. घाईतला चालक खिडकीतून बोट दाखवून पुढे जातो. चालकाची परीक्षा इथेच होते. हाच झिरपा सँडविच हार्बरच्या उत्तर टोकाला, अनिचाबला, गोड्या पाण्याच्या रूपात वर येतो. एवढ्या कोरड्या किनाऱ्यावर, जिथे वर्षाला २० मिलिमीटरही पाऊस पडत नाही, लव्हाळ्याचं हिरवं बेट दिसतं ते त्यामुळे.

मग टायरमधली हवा काढायची वेळ येते. स्वतःच्या गाडीने जाऊ इच्छिणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा, बाकीच्यांनीही, कारण चालक कसा आहे हे यावरून कळतं. डांबरावर ३२ ते ३५ पीएसआय असलेली हवा वाळूसाठी १२ ते १५ पर्यंत उतरवतात. हवा कमी केली की टायर रुंद होतो असं सगळे समजतात. तो रुंद थोडाच होतो, जमिनीला टेकणारा भाग लांब जास्त होतो, आणि त्या लांब पट्ट्यावर वजन पसरून चाक वाळूवर तरंगतं. १२ च्या खाली गेलं तर तीव्र वळणावर टायर रिंगवरून निसटायची भीती. १८-२० वर ठेवलं तर भुसभुशीत चढावर चाक खणायला लागतं. अंदाजाने हवा सोडणारा चालक नको. प्रत्येक चाकाला गेज लावून मोजणारा हवा. चारही टायर सारखे झाले नाहीत तर गाडी एका बाजूला ओढते आणि टेकडीच्या माथ्यावरच्या धारेवर ते घातक ठरतं.

चढ चढताना इंजिनाचा जोर लागतो तो खालीच, सपाटीवर. अर्ध्या चढावर ॲक्सिलरेटर दाबला की चाकं जागच्या जागी फिरतात आणि गाडी रुतते. अशा वेळी लगेच थांबायचं, सरळ रिव्हर्स टाकून आलेल्या चाकोरीतून खाली यायचं आणि पुन्हा जरा जास्त वेगाने जायचं. उतरताना उलट: टेकडीची वाऱ्याआडची बाजू ३२ ते ३४ अंशांवर स्थिर असते, म्हणजे वाळू जेवढी उभी राहू शकते तेवढी उभी. तिथून गाडी लो रेंजच्या (कमी वेग, जास्त जोर) पहिल्या गियरमध्ये, नाक सरळ खाली ठेवून, ब्रेकला हात न लावता उतरवतात. ब्रेक दाबला की पुढची चाकं नांगरासारखी रुततात आणि मागचा भाग बाजूला फिरतो. तिरकं उतरणं तर सगळ्यात वाईट, गाडी सरळ लोळते. मागचा भाग सरकायला लागला तर ब्रेक नाही, ॲक्सिलरेटर हलकासा द्यायचा, म्हणजे गाडी पुन्हा सरळ होते. हे सगळं चालक शांतपणे, बोलत बोलत करत असेल तर तुम्ही चांगल्या हातात आहात. धारेवर जाण्याआधी गाडी थांबवून, उतरून, पलीकडे डोकावून बघणारा चालक भित्रा नसतो. वारा रोज धार हलवतो. काल गोल असलेला माथा आज कापलेला असू शकतो.

उतरताना एक गोष्ट ऐका. खिडक्या उघड्या ठेवून गाडी सावकाश खाली सोडली की उतारावरची वाळू चाकांबरोबर थराथराने घसरते आणि टेकडीतून खर्जातला घुमणारा आवाज येतो, आधी पायाखाली जाणवतो आणि मग कानाला. वाळू पूर्ण कोरडी, कण सारख्या आकाराचे आणि उतार पुरेसा उभा असेल तरच हे होतं. धुक्याने ओली झालेली सकाळची टेकडी गप्प असते. दुपारी तीच बोलते. दुपारच्या सफरीच्या बाजूने एवढा एक मुद्दा नक्की आहे. याउलट सकाळची दमट वाळू घट्ट असते, गाडी कमी रुतते आणि तिरप्या उन्हात धारा स्पष्ट दिसतात.

टेकड्यांवर थांबाल तेव्हा हाताशी वाळू बघा. पिवळ्या वाळूवर जांभळट-लाल आणि काळे पट्टे दिसतात. लाल कण गार्नेटचे, काळे मॅग्नेटाइटचे. ते जड असल्यामुळे वारा हलकी वाळू उडवून नेतो आणि हे मागे राहतात. बहुतेक चालकांकडे लोहचुंबक असतं. वाळूवरून फिरवलं की काळे कण दाढीसारखे चिकटतात. ही सगळी वाळू मुळात इथली नाही. दक्षिण आफ्रिकेच्या अंतर्भागातून ऑरेंज नदीने ती समुद्रात आणली, किनाऱ्यालगतच्या प्रवाहाने उत्तरेला नेली आणि नैऋत्येच्या वाऱ्याने पुन्हा जमिनीवर चढवली. नामिबच्या या वाळूसागराला २०१३ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तो मुख्यतः याच घडणीसाठी, आणि धुक्यावर जगणाऱ्या जीवांसाठी. फोटोत बघितलेल्या लालभडक टेकड्या इथे शोधू नका, त्या वाळवंटाच्या आतल्या सोसुसव्लेईच्या. तिथली वाळू जुनी, लोहाचा गंज चढलेली. किनाऱ्यावरची पिवळी-करडी. वॉल्विस बेहून सोसुसव्लेई एका दिवसात करून येऊ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका: एका बाजूलाच ३०० किलोमीटरच्या वर, बहुतेक खडीचा रस्ता.

प्राण्यांबद्दल अपेक्षा माफक ठेवावी. काळ्या पाठीचे कोल्हे जवळपास हमखास दिसतात, स्प्रिंगबॉक हरणं आणि शहामृग बऱ्याचदा, लांब शिंगांचं ऑरिक्स हरीण कधीमधी. तपकिरी तरसाचे फक्त ठसे दिसतात. खडीच्या सपाटीवर डमारा टर्न हा छोटा पक्षी उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो आणि ते खड्यांत मिसळून जातं, म्हणून गाडीने जुनी चाकोरी सोडायची नाही हा नियम आहे. वाळूवरची खूण वारा पुसतो, खडीच्या सपाटीवरची चाकोरी कित्येक दशकं राहते. जास्त थरार दाखवतो म्हणून सपाटीवर गाडी गोल गोल फिरवणारा चालक भेटला तर त्याला थांबवा आणि कंपनीला कळवा.

गाडीत कुठे बसता याला फार महत्त्व आहे. पुढची सीट सगळ्यात चांगली; मधली ठीक; लांब गाडीतली तिसरी रांग मागच्या ॲक्सलवर येते आणि प्रत्येक उसळीला डोकं छताला लागतं. माणसं सहाहून जास्त असतील तर तिसरी रांग कुणाच्या वाट्याला येणार ते आधी विचारा. मणक्याचा, मानेचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ही सफर घेऊ नये. चांगल्या कंपन्या स्वतःच नकार देतात. गाडी लागते अशांनी उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्यावी, वाटेत घेऊन उपयोग होत नाही.

वाळवंट म्हणून सुती शर्ट आणि टोपी घेऊन निघालेले लोक सकाळी कुडकुडतात. किनाऱ्याला लागून बेंग्वेला हा थंड प्रवाह वाहतो. त्याच्यावरून येणारी हवा गारठते आणि वर्षातले शंभरहून जास्त दिवस किनाऱ्यावर धुकं असतं. सकाळी १० ते १५ अंश, दुपारी वारा. कपडे थरांचे घ्या: आत पातळ, वर स्वेटर, त्यावर वारा अडवणारं जाकीट. जून ते ऑगस्टमध्ये मात्र कधीकधी पूर्वेकडून वाळवंटातला गरम वारा येतो आणि तासाभरात तापमान तिशीच्या पुढे जातं. तोंडाला बांधायला रुमाल हवाच. कॉन्टॅक्ट लेन्स घालणाऱ्यांनी त्या दिवशी चष्मा लावावा. कॅमेऱ्याची लेन्स वाऱ्यात बदलू नये. गाडीत, काचा बंद करून बदलावी. झिप लॉकची पिशवी घेतली तर मोबाइलच्या चार्जिंगच्या भोकात वाळू जात नाही. ड्रोन उद्यानात परवानगीशिवाय चालत नाही आणि चालकाने "कोण बघतंय" म्हटलं तरी दंड उडवणाऱ्याला होतो.

स्वच्छतागृह वाटेत नाही. टेकडीची आडबाजू हेच स्वच्छतागृह, आणि कागद पिशवीत घालून परत आणायचा. चालकाने हे निघतानाच स्पष्ट सांगितलं पाहिजे, म्हणजे मिठागराच्या आधी शहरातच सोय करून घेता येते. अनेक जण सांगत नाहीत, आणि मग विशेषतः बायकांची अडचण होते. हे आम्ही या सेवेतलं सरळ न्यून धरतो.

जेवणाचं म्हणाल तर वॉल्विस बेची कालवं (ऑयस्टर) प्रसिद्ध आहेत, आणि वाळूत छोटं टेबल मांडून कालवं, थंड मांसाचे काप, सामोसे किंवा पाई, आणि फेसाळ वाइन असा बेत असतो. शाकाहारी लोकांनी बुकिंगच्या वेळी लेखी कळवावं आणि "शाकाहारी" एवढंच लिहून थांबू नये: मासे नको, अंडं चालतं की नाही, हेही लिहावं. नुसतं "व्हेज" लिहिलं की ताटात चीज सँडविच आणि सॅलडची वाटी येते. जैन असाल तर डबा सोबत न्या. कंपन्या हरकत घेत नाहीत. पाणी पुरवतात, पण अर्धा लिटर पुरणार नाही. माणशी दीड-दोन लिटर मागून घ्या.

स्वतःची किंवा भाड्याची गाडी घेऊन जावं का? आमचं उत्तर नाही असंच आहे, आणि कारण कौशल्याचं कमी, कागदाचं जास्त. नामिबियात गाडी भाड्याने देणाऱ्या बऱ्याच कंपन्यांच्या करारात सँडविच हार्बरला आणि समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेल्यास विमा लागू नाही असं स्पष्ट लिहिलेलं असतं. खाऱ्या पाण्याने झालेलं नुकसान तर बहुतेक विम्यांतून वगळलेलं. गाडी पाण्यात गेली तर अख्ख्या गाडीची किंमत भरावी लागते. ज्यांच्याकडे स्वतःची गाडी आणि वाळूचा अनुभव आहे त्यांनी उद्यानाचा परवाना आधी काढावा, दोनपेक्षा कमी गाड्यांनी निघू नये, आणि हे सामान असल्याशिवाय हलू नये: फावडं, हवा भरायचा कंप्रेसर, चाकाखाली घालायचे ट्रॅक, ओढायचा लवचीक दोर, आणि जॅकखाली ठेवायला जाड फळी. फळी विसरतात आणि मग जॅक वर जायच्या ऐवजी खाली वाळूत जातो. मिठागरापलीकडे मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही. सॅटेलाइट फोन किंवा रेडिओ हवा. परतल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवायची, त्याच दिवशी, नाहीतर मीठ ब्रेकच्या नळ्यांपासून सुरुवात करतं.

बुकिंग करताना विचारायचे प्रश्न थोडे पण नेमके असावेत. अमुक तारखेला ओहोटी किती वाजता आहे आणि पायथ्याच्या पट्टीवरून जायला मिळेल का, हा पहिला. तारीख विचारून, कोष्टक बघून उत्तर देणारी कंपनी चांगली. "हो हो, नक्की" म्हणणारी संशयास्पद. एका गाडीत किती माणसं, किती गाड्या एकत्र निघतात, चालकाकडे प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आहे का, आणि धुकं किंवा वाऱ्यामुळे सफर रद्द झाली तर पैसे परत की दुसरी तारीख. शेवटच्याचं उत्तर ईमेलवर घ्या. चालकाला बक्षीस देण्याची पद्धत आहे, साधारण १० टक्के. ते रोख आणि थेट त्याच्या हातात.

ज्यांना एवढं नको, किंवा लहान मुलं आहेत, त्यांनी वॉल्विस बेच्या बाहेर असलेल्या ड्यून ७ वर संध्याकाळी चालत चढावं. ही वाळूची टेकडी डांबरी रस्त्यापासून जवळ आहे, पण समुद्राला लागून नाही. वाळवंटातले छोटे जीव, म्हणजे वाळूत पोहणारे सरडे, पारदर्शक कातडीची पाल, धुक्याचं पाणी पाठीवर गोळा करणारा भुंगा, हे बघायचं असेल तर स्वाकोपमुंडहून निघणारी वेगळी सकाळची सफर आहे. सँडविच हार्बरच्या सफरीत ते दाखवायला वेळ नसतो, आणि दाखवू असं सांगितलं असेल तर कागदावरच राहतं.

परतीची वेळ कुणीही छातीठोक सांगू शकत नाही. एक गाडी रुतली तर सोबतची थांबते, पाणी चढलं तर लांबच्या वाटेने टेकड्यांवरून यावं लागतं, आणि शेवटी टायरमध्ये पुन्हा हवा भरायला १५-२० मिनिटं जातात. त्याच संध्याकाळी वॉल्विस बेहून विमान किंवा राजधानी विंडहुककडे जाणारा जवळपास ४०० किलोमीटरचा रस्ता ठेवू नका. अंधारात त्या रस्त्यावर जनावरं आडवी येतात, आणि भाड्याच्या गाड्यांच्या करारात रात्री गाडी चालवायलाही बऱ्याचदा मनाई असते.